चिडीचूप

गिटारचा वीस किलोचा जुना ॲम्प दर कार्यक्रमाला गाडीत चढवताना धाकट्याच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. शेवटी तो दुकानात गेला. तिथे दुकानदाराने ॲम्पऐवजी वापरायचे, डब्याएवढे दोन डिजिटल मॉडेलर समोर ठेवले.

"ह्यात तुमच्या ॲम्पची घरघरसुद्धा हुबेहूब येते. ह्या दुसऱ्यात मात्र वाजवाल तेवढंच, बाकी चिडीचूप."

"चिडीचूपच द्या. दादाच्या माइकशेजारी ती घरघर वीस वर्षं ऐकतोय, डोकं उठलंय."

पहिल्याच कार्यक्रमात नवा मॉडेलर पायाशी घेऊन धाकटा आपल्या जागी उभा राहिला. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. गाणारा दादा नेहमीप्रमाणे पांढरी काठी विंगेत ठेवून एकटाच निघाला. दादाला प्रत्येक स्टेज पाठ असतं, असं धाकटा लोकांना कौतुकाने सांगायचा.

चार पावलांवर दादा थांबला. मान कलती करून त्याने कानोसा घेतला. मग रिकाम्या भिंतीकडे तोंड करून हळूच विचारलं,

"तू आहेस ना रे इथं?"