मागावरची बाई

फुलपाखरे होती, पण फुलपाखरांसारखी दिसत नव्हती. आभाळ सकाळपासून खाली उतरलेले होते, आणि थंडीने पंख मिटून ती फांद्याफांद्यांना अशी लगडली होती की झाडांचीच वाळकी पाने वाटावीत. अभयारण्याच्या त्या वाटेवर बोलायला मनाई होती. तरी वडिलांना राहवले नाही.

"दरवर्षी हीच येतात?" त्यांनी वनरक्षकाला हलक्या आवाजात विचारले.

"ही नाही, काका. इथून गेलेली तिकडंच संपतात. ही त्यांची पतवंडं."

"मग फाटकावर 'फुलपाखरे परत आली' असं लिहिलंय, ते चूक आहे. परत येणं म्हणजे जो गेला, त्यानंच येणं."

"झाडं तीच असतात ना," वनरक्षक म्हणाला. "लोकांचं तेवढ्यावर भागतं."

"बाबा, आता वाद घालायला झाडं तेवढी उरलीत," मुलगी म्हणाली. "चला खाली."

तिला पाचवा महिना होता, आणि ती फुलपाखरांसाठी आलेली नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक जुने गाव होते. माणसे तिथून केव्हाच निघून गेली होती. घरे मात्र पाहणाऱ्यांसाठी जशीच्या तशी राखली होती, आणि घराघरांतून त्या त्या कामाला बसलेले पुतळे होते. त्यांतली मागावरची बाई तिच्या आईवरून घडवलेली होती. आई तेव्हा त्या घरात पाहुण्यांना विणून दाखवण्याच्या नोकरीवर होती, आणि मूर्तिकाराने तिच्या चेहऱ्याचा नि हातांचा साचाच काढून घेतला होता. मुलीला आई आठवत नव्हती. फोटोंची पेटी पुरात गेली होती. आईचा चेहरा आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि वडील 'पुढच्या हिवाळ्यात जाऊ' म्हणत एकेक हिवाळा ढकलत आले होते.

"बाळ कुणावर गेलं ते मला कळायला नको?" असे ती परवा म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी बसची तिकिटे काढली.

गल्लीच्या तोंडाशी बुटातला खडा काढायला ती थांबली. वडील पुढे होऊन विणकराच्या घरात शिरले. खोलीत उजेड कमी होता. दोरीपलीकडे माग होता, मागावर अर्धे विणलेले कापड होते, आणि मागे ती बसली होती. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही ती नव्हे," ते म्हणाले.

दाराशी शाल गुंडाळून बसलेल्या राखणदार बाईने विचारले, "कोण नव्हे?"

"हिचा चेहरा."

"हां, तो होय. मध्ये छत गळलं नि तोंडाचे पोपडे निघाले. मग नवं बसवलं. हात जुनेच आहेत हं, त्यांना काही झालं नाही."

"नवं कुणाचं आहे?"

"कुणाचं कशाला असायला हवं? तयार साच्यातलं. पलीकडच्या घरातल्या कुंभारणीलाही तेच आहे. एवढं कोण निरखून बघतंय?"

वडिलांनी हातांकडे पाहिले. डाव्या करंगळीचे शेवटचे पेर बाहेरच्या बाजूला वळलेले होते. ते तसेच होते.

मुलगी आत आली आणि दोरीशी उभी राहिली. तिने एक हात पोटावर ठेवला. उभ्या जन्मात कुणाची चूक दुरुस्त केल्यावाचून न राहिलेले वडील तिच्या शेजारी गप्प उभे होते.

"नाक बघा," ती म्हणाली. "माझंच आहे. म्हणजे, माझं नाक हिचं आहे. आहे ना, बाबा?"

राखणदार बाईने मान वर केली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान पुन्हा खाली घातली.

"आहे," वडील म्हणाले.

"आणि हनुवटी?"

"हनुवटीही."

"आणि तुम्ही आजवर सांगत आलात, मी आत्यावर गेलेय म्हणून."

"चुकलो मी."

"तुम्ही?" डोळे पुसता पुसता ती हसली. "हे आत्याला सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

तिने मोबाइल काढला आणि दोरीवरून पुढे वाकून चेहऱ्याचे फोटो घेतले. समोरून, मग एका बाजूने, मग पुन्हा समोरून.

"हातही घे," वडील म्हणाले.

"हात काय, बाबा. हात सगळ्यांचे सारखेच असतात."

बाहेर आल्यावर तिला कुंभाराचेही घर पाहायचे होते. "गारठा वाढतोय. तुला बाधेल," असे म्हणून वडिलांनी तिला चालते केले. गल्ली अरुंद होती. कुंभाराच्या खिडकीच्या बाजूने ते स्वतः चालले, आणि ती खिडकी मागे पडेपर्यंत त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

परतीच्या बसमध्ये तिने त्यांतला एक फोटो निवडला.

"हा मोठा करून तुमच्या खोलीत लावू. पलंगासमोर. उठल्या उठल्या दिसेल."

"लाव."

थोड्या वेळाने तिला झोप लागली. वडिलांनी डोळे मिटले आणि ते जुना चेहरा आठवू लागले. आधी हात आले. वळलेली करंगळी, बोटांत धरलेले सूत. मग खांदा आला, मान आली. मानेवर हळूहळू चेहरा आला.

त्याचे नाक मुलीसारखे होते.