सात नंबरची बस

समजा, तुम्ही एका व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसला आहात. गाडी तुमची आई चालवते आहे आणि मागच्या सीटवरून एक माणूस तिच्यावर खेकसतो आहे. मागे वळून बोलायचं नाही, असं आईने बजावलेलं आहे. किती वेळ गप्प बसाल?

ती नऊ वर्षांची मुलगी सकाळपासून गप्प होती.

"अहो बाई, गाडी चालवताय की वरात काढताय?" मागच्या सीटवरचे टोपीवाले काका म्हणाले. "पाच वाजता जहाजाचा जिना उचलतात. पाच!"

"माहीत आहे, साहेब. म्हणूनच दीपगृहावरून साडेतीनला निघू या म्हणत होते."

पण साडेतीनला काकांच्या फोटोसाठी सूर्य बरोबर जागी नव्हता. सव्वाचार वाजता तो जागेवर आला.

दर आठवड्याला ते मोठं जहाज दिवसभर बंदरात थांबत असे. फिरायला उतरणाऱ्यांपुढे दोन वाटा असत. एक, जहाजाच्या बसने जायचं. छातीवर बसच्या नंबराचा निळा स्टिकर लावायचा. त्या बसला उशीर झाला, तर जहाज थांबायचं. दुसरी, गेटबाहेर उभ्या असलेल्या आईसारख्यांच्या गाडीने जायचं. तिला उशीर झाला, तर जहाज निघून जायचं. शिवाय गेटवरच्या अधिकाऱ्याचा नियम होता : बाहेरच्या गाडीने पाहुण्यांना उशिरा आणलं, की तिचा गेटचा पास रद्द. पास नाही तर गेटवर उभं राहायचं नाही, म्हणजे धंदाच नाही. आईचा पास सहा वर्षं गाडीच्या पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला होता. तिला एकदाही उशीर झाला नव्हता.

सकाळी तो अधिकारी भोंग्यावरून ओरडत होता, "बाहेरच्या गाड्यांवर भरवसा ठेवू नका!" तेव्हा काका मोठ्याने हसले होते. "पन्नास माणसांत कोंबून घ्यायला मी काय मेंढरू आहे?" आता तेच काका दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "बसनेच जायला हवं होतं." शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, खिडकीबाहेर बघत होत्या. लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांनी अशी खिडकीबाहेर बघूनच काढली असावीत.

धबधब्याच्या वळणावर आईने ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेला एक आजोबा काठी हलवत उभे होते. घामाने सदरा भिजला होता. सदऱ्यावर निळा स्टिकर होता. सात नंबर.

"आमची बस गेली," ते धापा टाकत म्हणाले. "मी शौचालयात होतो. सगळे आले का, असं विचारलं असणार. जे आले होते ते हो म्हणाले असणार."

"थांबायचं नाही!" काका ओरडले. "त्यांच्या छातीवर स्टिकर आहे, दिसत नाही? त्यांच्यासाठी जहाज थांबेल. आपल्यासाठी कुत्रंसुद्धा थांबणार नाही!"

आई खाली उतरली. आजोबांना पाणी दिलं. त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्यांना पुढची सीट द्यावी लागली. मुलगी मागे काकांना खेटून बसली.

काका घड्याळ नाचवत होते. "दहा मिनिटं गेली! जहाज चुकलं, तर तुमचा तो पास मी समोर उभं राहून काढायला लावीन. लक्षात ठेवा!"

आईने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "लावा. पण म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर टाकून गाडी हाकायला मला कोणी शिकवलेलं नाही. आता बंदर येईपर्यंत एक शब्द नको."

मुलीने दोन्ही मुठी मांडीखाली दाबून धरल्या होत्या.

गेटवर पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. धक्क्यावर जहाज उभं होतं. जिना अजून खालीच होता. अधिकारी यादी घेऊन धावत आला आणि थेट पुढच्या खिडकीशी वाकला.

"सात नंबर? अहो आजोबा, होतात कुठे? अख्खं जहाज तुमच्या एकट्यासाठी थांबलंय!"

काकूंनी दिवसभरात पहिल्यांदाच खिडकीकडून मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

काका उतरले. टोपी सारखी केली आणि जिन्याकडे चालू लागले.

"हे दोघे बाहेरच्या गाडीचे," अधिकारी यादीवर खूण करत म्हणाला. "दहा मिनिटं उशीर. बाई, पास काढा."

काकांनी ते ऐकलं. त्यांचं पाऊल क्षणभर अडखळलं. मग ते भराभर चालत गेले.

"अहो, मला आणण्यातच..." आजोबा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम, आजोबा. जहाजाच्या बसला उशीर चालतो. बाहेरच्या गाडीला नाही."

आई खाली उतरली. ती नखाने काचेवरचा पास सोलू लागली. सहा वर्षांचा डिंक सहज सुटत नव्हता. शेवटी पास निघाला आणि काचेवर एक चौकोनी डाग राहिला.

मुलगी गाडीतून उतरली. रागाने तिचे कान लाल झाले होते. ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, वाका जरा."

काठीवर भार देऊन आजोबा वाकले. तिने त्यांच्या सदऱ्यावरचा स्टिकर सोलला, गाडीच्या बंपरवर चढली आणि त्या चौकोनी डागावर, अधिकाऱ्याला सात हा आकडा नीट वाचता येईल असा, मुठीने दणकन दाबून बसवला.