पानाखालची दोन अक्षरं

सन २००५, मार्चमधला मंगळवार, सकाळचे साडेदहा. दुरुस्तीवाल्याने माउसवरचा हात उचलला आणि आवाज एकदम खाली आणला.

"ताई, या काँप्युटरवर कोण कोण बसतं?"

"मीच," सून म्हणाली. घरी बसून ती लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. "का हो?"

"हा हळू झालाय तो काही म्हातारा झाला म्हणून नाही. आत पहारेकरी बसलाय. तुम्ही दाबलेलं एकेक बटण तो लिहून घेतो. खोडलेलं अक्षरसुद्धा. आणि दर पाव तासाने कुणाला तरी मेल करतो. फुकटच्या खेळांबरोबर आपोआप येतात, त्यातला हा नाही. कुणीतरी या खुर्चीत बसून हाताने घातलाय."

सुनेला रात्रीची जेवणं आठवली. याच काँप्युटरवर बहिणीला लिहिलेल्या पत्रांतली वाक्यं नवरा जेवताना तिला जशीच्या तशी ऐकवायचा. अगदी हळू, आमटी वाढून घेता घेता. तिसऱ्या पत्रानंतर त्याने टेबलाचा ड्रॉवर लोटला. 'बोटं ड्रॉवरमध्ये सापडली,' असं तिने डॉक्टरांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. तेव्हापासून डाव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती. गेल्या आठवड्यात तो म्हणाला होता, आणखी एक पत्र गेलं तर मुलगी हॉस्टेलात जाईल, आणि कुठल्या ते तुला कळणार नाही.

आणि इतके महिने तिने संशय घेतला होता तो सासूवर. म्हातारी दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची, आताही तिथेच होती. बोटं तेवढी गुडघ्यांवर चाळवत असायची. एकदा डोळे न उघडताच म्हणाली होती, "करंगळी अजून उठत नाही वाटतं." सुनेने हात पाठीमागे घेतला होता. टाइप करणं जरा वेळ थांबलं की नवऱ्याचा ऑफिसातून फोन यायचा. म्हातारीच कशी तरी त्याच्या कानाला लागते, असं सून धरून चालली होती.

"काढून टाका ते," ती म्हणाली.

"काढतो. दहा मिनिटांचं काम. पण त्या माणसाला मेल जायचे थांबले की तो समजणार. आधी तुम्ही कुठे असाल ते ठरवा ताई. मग काढू."

फोन वाजला. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तिने रिसीव्हर उचलला.

"का गं, आज हात थांबला?"

"पानं... पानं उलटसुलट झालीत. लावतेय."

"लाव, लाव. सावकाश." तो हसला. "मी आहेच."

रिसीव्हर ठेवून तिने घड्याळ पाहिलं. बहिणीच्या गावाची गाडी साडेअकराला सुटायची. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे शाळेत होती. पण खुर्ची सोडली की पाव तासात फोन, आणि फोन उचलला नाही की तोच दारात.

सासूने डोळे उघडले. "ऊठ."

"आई, मी कुठे जात नाहीये..."

"ऊठ म्हणते ना. पोरीला शाळेतून घे आणि बहिणीची गाडी पकड. ही खुर्ची मी सांभाळते."

"तुम्हाला कसं जमेल, आई? तो एकेक अक्षर वाचतो."

"वाचू दे की. त्यासाठीच तर शिकवलंय त्याला."

सासू खुर्चीत बसली. हस्तलिखित डावीकडे सरकवलं, चष्मा वर ढकलला आणि दहाही बोटं बटणांवर ठेवली. खाली पाहिलंही नाही. त्या काँप्युटरमधून कधी ऐकला नव्हता असा सरसर आवाज निघाला. मग तीच चरकून थांबली. "छे, फार पळाले," असं पुटपुटली आणि पुन्हा सुरू झाली, हळूहळू. करंगळीखालचं अक्षर चुकायचं, खोडायचं, पुन्हा घालायचं. अगदी सुनेसारखं.

दुरुस्तीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. सून तर जागची हललीच नाही.

"काय बघतेस? गाडी तुझ्यासाठी थांबणार आहे होय?"

कोपऱ्यापर्यंत सुनेचे कान मागे लागले होते. आता फोन वाजेल, आता वाजेल. गाडीत कुणाची पिशवी पडली तरी ती मुलीला घट्ट धरायची. फोन वाजला नाही. नवरा ऑफिसातून निघेपर्यंत सासू टाइप करत राहिली. तो वाटेत असताना दुरुस्तीवाल्याने तो पहारेकरी काढून टाकला आणि म्हातारीची बॅग उचलली. नवरा घरी पोचला तेव्हा काँप्युटरवर नीट कव्हर घातलेलं होतं आणि घरात कुणी नव्हतं.

प्रबंध वेळेवर पोचला. ज्याचा होता त्याला पदवी मिळाली, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. सून बहिणीच्या गावी कोर्टात टायपिस्ट झाली. मुलगी हाडांची डॉक्टर व्हायला शिकतेय. परवा तिने आईची करंगळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पाटी आहे, 'काँप्युटर हळू झाला तर आधी आठवा, शेवटचं त्यावर कोण बसलं होतं.' त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत सासूने नऊ वर्षं मुलींना टायपिंग शिकवलं. लग्नाआधी ती चार वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होती. लग्नाच्या आठवड्यात सासऱ्यांनी नोकरी सोडायला लावली, आणि पुढे त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. झोपेतच गेली ती.

नवरा त्याच घरात एकटा राहतो. त्या दिवशी आलेल्या मेलच्या छापील प्रती त्याने जपून ठेवल्या आहेत, पण बायको कोणत्या ओळीला उठून गेली ते त्याला सापडत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी, डावीकडे, दोन सुटी अक्षरं आहेत. जुन्या कचेऱ्यांत टायपिस्ट बाया प्रत्येक कागदाखाली आपल्या नावाची आद्याक्षरं तशी घालत. तो ती टायपिंगची चूक समजतो. आईचं माहेरचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.