घरचं खाद्य

"मूठभर आण, देखू दे," रतिलाल आप्पा ओसरीतल्या खाटेवरून म्हणाले.

मंगलाबाईंनी घमेल्यातलं कोंबड्यांचं खाद्य नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. भरडलेला मका, ज्वारी, शेंगदाण्याची पेंड, तापीच्या मासळीचं सुकट, शेवग्याचा वाळवलेला पाला. आप्पांनी ते लुळ्या न पडलेल्या हाताच्या बोटांनी चोळलं, हुंगलं.

"सुकट कमी पडनं वं."

"टाकसू आखो."

"काल कोंबडी किती भरनी?"

"पावनेदोन किलो," मंगलाबाई म्हणाल्या आणि घमेलं डोक्यावर घेऊन शेताकडे निघाल्या.

शेतातल्या शेडमध्ये एकही कोंबडी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी दोनशेच्या दोनशे पिल्लांनी एका दिवसात माना टाकल्या होत्या. मंगलाबाईंनी सालदार धुडकूकडून खड्डा खणून घेतला आणि आप्पांना न सांगण्याची त्याला आण घातली. तेव्हापासून त्या रोज खाद्य कालवायच्या, बांधावर ओतायच्या आणि रिकामं घमेलं घरी आणायच्या. बांधावरच्या साळुंक्या तेवढ्या माजल्या होत्या.

खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या माणसाचा जीव या एका हट्टावर तगून होता. विकतच्या गोणीशिवाय, घरच्या खाद्यावर बेचाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी करून दाखवतो, असं आप्पांनी धानोऱ्यात चारचौघांत सांगितलं होतं. लोक हसले होते. त्याच खाद्याने कोंबड्या मारल्या हे कळलं असतं, तर आप्पांनी अन्न सोडलं असतं. मंगलाबाईंना त्यांचा रागही यायचा. जन्मभर कोणाचं ऐकलं नाही, आणि झाकपाक करायची वेळ आली बायकोवर.

त्यांनी स्वतः काही कसर ठेवली नव्हती. मका संपत आला तेव्हा पेरणीतून उरलेलं मक्याचं लाल बियाणंसुद्धा तीन पाण्यांनी धुऊन, रंग घालवून भरडलं होतं. दाणा वाया घालवणं त्यांना जमतच नसे.

आता दोन दिवस उरले होते. बेचाळिसाव्या दिवशी वजन बघायला तळोद्याहून कोंबड्या पाळणारे लोक येणार होते. धुडकू गव्हाला पाणी देत होता. मंगलाबाई त्याच्याकडे गेल्या.

"धुडकू, तळोदाले जाय. त्या लोकेस्ले सांग, आप्पानी तब्येत बरी नही, येऊ नका."

धुडकूने फावडं खाली ठेवलं. "त्या येवाव नहीत, काकी. आप्पानीच नको सांगी धाडं. तीन आठवडा व्हयनात."

"आप्पास्ले कोनी सांगं, पिल्लं मरनात ते?"

"मीच. त्यास्नी समोर बसाडीसन इचारं. माले खोटं बोलता उनं नही."

मंगलाबाई बांधावर बसल्या. म्हणजे आप्पा रोज मूठ हुंगत होते, सुकट कमी म्हणत होते, ते सगळं जाणून.

"मंग मन्हाजोडे रोज वजन का बरं इचारतस?"

धुडकूने फावडं उचलून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

"त्या लाल बियानाले इखारी दवा ऱ्हास, काकी. ती धोईसन जात नही. अंगणमा लाल डाग देखीसन आप्पा समजनात. उरेल बियानं त्यास्नीच माले पुराले सांगं. म्हनेत, तिले कळू देऊ नको. मन्हं खाद्यच वाईट व्हतं, आसंच समजू दे तिले."