आरशातलीला एक घास

पोर पटापट जेवली, तर शिंपीणबाईचा अर्धा तास वाचणार होता. तेवढ्यात दोन सदऱ्यांची काजं होत. म्हणून ती चिमीला गिऱ्हाइकांच्या उंच आरशासमोर बसवून भरवी. "एक घास तुला, एक तिला!" आरशापुढे चमचा धरला की चिमी खुदकन हसे.

आठवडाभरातच चिमीला तिचे फ्रॉक ढगळ होऊ लागले.

"अगं, पोर खातेय ना नीट?" नवऱ्याने विचारलं.

"चाटूनपुसून खाते हो!"

आज वाटी संपली, तशी चिमी हळूच म्हणाली, "आई, ती अजून दे म्हणतेय."

"पुरे झाले लाड!" म्हणत आईने तिला उचललं. चिमी रिकाम्या अभ्र्यासारखी हलकी लागली. शिंपीणबाईने घाबरून आरशात पाहिलं.

तिथली शिंपीणबाई अजून वाकलेलीच होती. तिला तिची गुबगुबीत चिमी दोन्ही हातांनीही उचलवत नव्हती.