दोन वाजताचं दूध

"रातची पाळीसुदिक कधी चुकू देल्ली नाई, डॉक्टरसायेब. अकरा वर्स झाले," देवकाबाई म्हणाली. आवाजात अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरजही वाटत नव्हती. शाई लावलेला अंगठा तसाच वर धरलेला. समोर नवऱ्याच्या ऑपरेशनचा कागद होता.

डॉक्टरांनी कागद जरा मागे ओढला. "रात्रीची पाळी? कसली?"

तिने सांगितलं. सत्तर साली नत्थूजीच्या पोटात अल्सर निघाला, तेव्हा वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दर दोन तासांनी कपभर दूध सांगितलं होतं. फक्त दिवसा, की रात्रीही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. डॉक्टरला उलट विचारायची तिच्या घरात कोणाची छाती नव्हती. तिने नालवाडीच्या घरी गाय बांधली आणि बाजारातून गजराचं घड्याळ आणलं. दहा, बारा, दोन, चार. गजर खणखणला की ती चूल फुंकायची, दूध कोमट करायची आणि नवऱ्याला गदागदा हलवायची. दिवसभर जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी ओढून आलेला माणूस मुकाट्याने उठून बसायचा. कप रिकामा करायचा, पुन्हा आडवा व्हायचा. मग गजर पुढे सरकवून तीही अंग टाकायची. शेजारणी आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. बिचाऱ्या सुना.

डॉक्टर वयाने तिच्या भाच्याएवढे असतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, मेंदूकडून पोटाकडे एक नस येते. आंबट पाणी सोड, असं ती पोटाला सांगते. दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण मागून ते पाणी आणखी सुटतं. आणि पोटातली जखम भरायला झोप लागते. हा माणूस अकरा वर्षं सलग दोन तास झोपलेला नाही. म्हणून तर उद्या ती नस कापायची वेळ आली."

डॉक्टर भले होते, त्यांनी कागद हळूच पुन्हा तिच्यापुढे सरकवला. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. देवकाबाईने कागदावर अंगठा टेकवला. अकरा वर्षांचा सगळा शहाणपणा त्या एका काळ्या डागात उतरला, असं तिला वाटलं. तिला स्वतःची लाज वाटली.

वॉर्डात नत्थूजी जागाच होता. ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. ती त्याला पंचफुलाचे बाबा म्हणायची. पोर जाऊन बारा वर्षं होत आली होती, हाक तेवढी राहिली होती.

"पंचफुलाचे बाबा, तुमच्या पोटाचं वाटोळं म्या केलं. डॉक्टर म्हणते, तुमाले दूध नाई, झोप पाह्यजे होती. मले उठवू नोको, असं एकडाव तरी म्हणाचं होतं. काऊन नाई म्हटलं?"

नत्थूजीने तिचा हात ओढून घेतला आणि चादरीच्या टोकाने अंगठ्याची शाई पुसू लागला. शाई निघत नव्हती.

"पोरीले ताप होता त्या राती तुह्या डोया लागला," तो म्हणाला. "सकाळी तू तिले हलवलं, ना पोर उठली नाई. तवापासून तू निजतच नोती. भिंतीले टेकून रातभर बसून राहे."

"मंग?"

"मंग तू घड्याळ आणलं. हलवलं का माणूस उठते, येवढं पाह्यलं का तू दोन घंटे निजे."