भरलेला पट

एकशे बारा पोरं मोजून झाली आणि नीळकंठरावांच्या मनात पाल चुकचुकली. पट एकशे बाराचा, हजर एकशे बारा. तेही ऐन वेचणीत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

शिक्षण खात्यातले ते विस्तार अधिकारी. बावीस वर्षांत इतक्या शाळा तपासल्या होत्या की रिकाम्या बाकाचं त्यांना काही वाटत नसे. भरलेल्या बाकाचं वाटे. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावची पोरं ट्रॅक्टरमधून आणून बसवलेली त्यांनी तीनदा पकडली होती. शिवाय या महिन्यात कापसाच्या गावातले वर्ग ओसच असतात. कापसाचा भाव पडलेला, वेचणीची मजुरी किलोवर. घरात जितके हात तितकं वजन. अशात पोराला शाळेत कोण धाडतो?

या शाळेला खोटं बोलायला कारणही मोठं होतं. नऊ वर्षं विनाअनुदानित. शिक्षकांना सरकारचा एक रुपया नाही. यंदा पुरवणी अनुदानाच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. आजच्या अहवालावर ते राहणार किंवा कटणार होतं.

"पट चांगला आहे, सर," नीळकंठराव म्हणाले. "जरा जास्तच चांगला."

मुख्याध्यापक किसनसिंग हसले नाहीत. "आमचीच लेकरं हायेत, साहेब. पायजे त्याले विचारा."

त्यांनी विचारलं. नाव नाही विचारलं. नाव पढवता येतं. एकाला विचारलं, पाण्याचा माठ कुठे असतो. एकीला विचारलं, घंटा कशाची आहे. "रुळाचा तुकडा हाय जी. हातोडी हरपली, तं गोट्यानं वाजवतो." उत्तरं सगळी बरोबर निघाली. पोरं इथलीच होती. त्यामुळे शंका मिटायची ती वाढलीच.

"काल आला होतास?" त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं.

"नाही जी. वेचायले गेलतो."

"परवा?"

"वेचायले."

"मग आज कसा आलास?"

पोरगं किसनसिंगांकडे पाहू लागलं.

शाळा सकाळपाळीची, बाराला सुटणारी. त्याच्या आत हे उलगडायला हवं होतं. ते आठवीत गेले, नववीत गेले, दहावीत गेले. तिन्ही फळ्यांवर आजची तारीख होती आणि तिन्ही ठिकाणी अक्षर एकाच हाताचं होतं. आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून या शाळेत त्यांना एकच मोठा माणूस दिसला होता.

"तुमचे चार शिक्षक कुठे आहेत?"

"येतीलच, साहेब."

"कुठून?"

किसनसिंगांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "आजवर जे साहेब आले ते पोट्टेच मोजून गेले. मास्तर मोजतात हे मले ठाऊक नव्हतं."

"यंदापासून मोजतात. अनुदान त्यांच्याच पगाराचं आहे. अहवालात त्यांचा वेगळा रकाना आहे."

किसनसिंग खाली बसले. मागच्या बाकावरून समीक्षा नावाची पोरगी उठली. "सर, सांगून टाका नं. नाहीतं साहेबाले वाटन का बाई घरी झोपल्या." मग तीच नीळकंठरावांना म्हणाली, "आमच्या जागी वेचायले गेल्या, जी. आमचा बाप म्हणे, पोरगी शाळेत बसली तं तिच्या वाट्याचा कापूस कोण वेचते? बाई म्हणाल्या, मी वेचते."

नीळकंठरावांचा विश्वास बसला नाही. असं गोड उत्तर त्यांना कोणी पहिल्यांदा देत नव्हतं. "दाखव," ते म्हणाले.

नाल्यापलीकडच्या वावरात वेचणाऱ्यांची टोळी वाकलेली होती. किसनसिंगांनी हाक मारली तेव्हा त्यातून चौघं उभे राहिले. भैरवी बाई, रजत सर आणि आणखी दोघं. कमरेला कापसाची ओटी, डोक्याला फडकं. भैरवी बाईंनी साहेबाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जी घरं अडून बसली, त्यांच्या पोरांच्या जागी आलो, सर," रजत सर म्हणाले. "आमचं वजन आज त्यांच्या घरच्या नावावर लागणार आहे. पट भरला नसता तर यादीतून नाव गेलं असतं."

"आणि शाळेच्या वेळेत शिक्षक शाळेत नाहीत म्हणून गेलं तर?"

रजत सरांनी डोक्याचं फडकं सोडलं. टोळीची मुकादम भागीरथा तेवढी वेचत राहिली.

नीळकंठराव बांधावर बसले. मांडीवर अहवाल घेतला. शिक्षकांच्या रकान्यावर पेन टेकवला. मग त्यांनी चार वेळा लिहिलं, हजर. चौघांच्या सह्या घेतल्या. कागदावर कापसाचा तंतू चिकटला, तो फुंकरीनं उडवला.

"पोरांसाठी एक दिवस वावरात उतरलात," ते म्हणाले. "एका दिवसाचं मी सांभाळून घेतो."

बावीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. आपल्या मोठेपणाचं त्यांना बरंही वाटलं. उठता उठता त्यांनी पाहिलं, भैरवी बाई पुन्हा ओळीत वाकल्या होत्या. दोन्ही हात एकाच वेळी चालत होते. एका चिमटीत बोंड मोकळं होत होतं, कापसाला पाचोळ्याचा कण लागत नव्हता.

"एका सकाळीत बरा हात बसला यांचा," ते भागीरथेला कौतुकानं म्हणाले.

"एका सकाळीत?" भागीरथेनं वर पाहिलं. "साहेब, सात वर्सं झाले, माह्याच टोळीत हायेत हे. बाराले शाळा सुटली का रोज येतात. आज तेवढे बाराच्या आंधी आले."